मॅकबेथचा ऱ्हास कसा वाचावा: चेटकिणी, हाव आणि मनाची टोचणी

‘मॅकबेथ’वर उत्तर लिहायला बसलं की बहुतेक जण कागदाचे तीन भाग करतात: एक महत्त्वाकांक्षेचा, एक अपराधीपणाचा, एक अमानवी शक्तींचा. प्रत्येक भागात दोन-दोन अवतरणं येतात आणि शेवटी ‘अशा रीतीने या तीन गोष्टींमुळे नायकाचा नाश होतो’ हे वाक्य. असं उत्तर चुकीचं नसतं, पण त्यात नाटक सापडत नाही. शेक्सपिअरने या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्याच नाहीत. चेटकिणी जे बोलतात आणि स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ जे ऐकतो, त्यांत फरक आहे. त्या फटीत त्याची हाव बसलेली आहे. आणि ती हाव दिसताक्षणी त्याला स्वतःचीच भीती वाटते, म्हणजे टोचणी राजा डंकनच्या खुनाच्या आधीच सुरू होते. हे यंत्र कसं चालतं ते संहितेतूनच उघडून पाहायची रीत पुढे दिली आहे. नीट केलं तर चार-पाच बैठकांचं काम आहे.

तयारी

टीपा असलेली कुठलीही चांगली इंग्रजी आवृत्ती घ्या. नाटक सुमारे २,१०० ओळींचं आहे, म्हणजे ‘हॅम्लेट’च्या जवळपास निम्मं. मोठ्याने वाचलं तरी अडीच तासांच्या आसपास संपतं. पाचव्या अंकाच्या शेवटचे प्रवेश वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळे तोडलेले असतात. एकीकडे आठवा असलेला प्रवेश दुसरीकडे सातवा निघतो, म्हणून वहीत प्रवेशाच्या आकड्यासोबत ओळीचे पहिले तीन-चार शब्दही लिहा.

मराठीत शि. म. परांजप्यांचं ‘मानाजीराव’ आणि शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ ही याच नाटकाची रूपं आहेत. ती जरूर वाचा, पण मूळ वाचून झाल्यावर. रूपांतरात कथा आपल्या मातीत येते आणि शब्द बदलतात. इथे आपला सगळा पुरावा शब्दांत आहे.

पहिलं वाचन एका बैठकीत करा. टीपा पाहू नका, शब्द अडला तर पुढे जा. हे वाचन फक्त वेगासाठी आहे, कारण नाटकाचा वेग हाच त्याच्या अर्थाचा भाग आहे. इतिहासातल्या मॅकबेथने १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं स्कॉटलंडवर राज्य केलं. रंगमंचावर मात्र काही आठवड्यांतच सगळं कोसळतंय असं वाटतं. ही दमछाक एकदा अंगावर घेतल्याशिवाय पुढची मोजमापं कोरडी वाटतील.

पायरी १: शब्दांचा हिशोब

वहीच्या पानावर चार रकाने आखा: कोण बोललं, नेमकं काय बोललं, मॅकबेथने त्यात काय भरलं, प्रेक्षकाला आधीच काय माहीत होतं. मग पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश घ्या.

चेटकिणी त्याला तीन नावांनी हाक मारतात. पहिलं, ग्लॅमिसचा सरदार. हे तो आधीपासूनच आहे. दुसरं, कॉडॉरचा सरदार. हेही तो झालेला आहे, फक्त त्याला कळलेलं नाही. डंकनने ही पदवी त्याला देण्याचा हुकूम आधीच्याच प्रवेशात, आपल्या डोळ्यांदेखत, दिलेला असतो. म्हणजे ज्या ‘भविष्या’ने मॅकबेथ थरारतो ते प्रेक्षकासाठी भविष्य नसून शिळी बातमी आहे. चौथा रकाना याचसाठी आहे, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा रिकामा राहतो. तिसरं, पुढे राजा होशील. कसा, कधी, कोणाच्या हातून, याबद्दल अवाक्षर नाही. ‘खून’ हा शब्द कुठल्याच चेटकिणीच्या तोंडी नाही.

तो शब्द येतो मॅकबेथच्याच स्वगतात, सरदार रॉसने कॉडॉरची बातमी दिल्यावर लगेच. आपल्या मनातला खून अजून फक्त कल्पनेत आहे, पण तेवढ्यानेच आपण मुळापासून हादरतोय, असं तो म्हणतो. त्याच्याही आधी, चेटकिणींचं बोलणं संपताच, सोबतचा सरदार बँको विचारतो: इतकं गोड ऐकून तू दचकलास का? हा प्रश्न लाल शाईने लिहून ठेवा. दचकतो तो, ज्याच्या मनातलं दुसऱ्याने मोठ्याने म्हटलं. बँकोलाही भविष्य सांगितलेलं असतं, त्याचे वंशज राजे होणार असतात. तरी तो दचकत नाही. उलट इशारा देतो की अंधाराचे हस्तक छोट्या गोष्टींत खरं बोलून मोठ्या गोष्टीत घात करतात. एकच प्रसंग, दोन ऐकणारे, दोन परिणाम. अमानवी शक्ती मॅकबेथला नाचवते असं लिहायचा मोह झाला की बँकोकडे बघा.

त्याच स्वगतमालेच्या शेवटी मॅकबेथ म्हणतो की नशिबाला मला राजा करायचं असेल तर मी काही न हलता करू दे. सुटकेचं दार इथे सताड उघडं आहे. पुढच्याच प्रवेशात डंकन आपल्या मुलाला, माल्कमला, वारस जाहीर करतो आणि मॅकबेथ लगेच म्हणतो की ही पायरी ओलांडायला हवी. दार त्याचं तोच लावतो. दोन प्रवेशांत मिळून हे घडतं, आणि तोवर लेडी मॅकबेथ रंगमंचावर आलेलीही नाही. ‘बायकोने भरीला घातलं’ हे उत्तर इथेच अडखळतं.

चेटकीण म्हणजे नेमकी कोण

शब्दाबद्दल सावध राहायला हवं. मराठीत यांना ‘हडळ’ किंवा ‘जखीण’ म्हणू नये. आपल्याकडे हडळ म्हणजे मेलेल्या बाईचं भूत. या तिघी मेलेल्या नाहीत, पण पूर्ण माणूसही वाटत नाहीत: बँको म्हणतो, बायका म्हणावं तर दाढ्या आहेत. ‘चेटकीण’ बरा शब्द आहे, फक्त त्यात नियतीची छटा येत नाही. इंग्रजीतलं त्यांचं विशेषण ‘वीअर्ड’ हे जुन्या इंग्रजीतल्या ‘विर्ड’वरून, म्हणजे दैव या शब्दावरून, आलं आहे.

काळही थोडक्यात ठाऊक असू द्या. नाटक १६०६ च्या सुमाराचं, छापलं गेलं १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात. इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स होता. हा मूळचा स्कॉटलंडचा राजा, १५९७ साली त्याने स्वतः चेटूकविद्येवर ग्रंथ छापला होता, आणि त्याचं घराणं बँकोपासून उतरलं अशी समजूत होती. शेक्सपिअरने ज्या हॉलिन्शेडच्या बखरीतून कथा घेतली तिच्यात बँको खुनात सामील आहे. नाटकात तो निर्दोष केलेला आहे. राजाची मर्जी हे एक कारण झालं, पण नाट्यदृष्ट्या त्याहून मोठी सोय झाली: मोह ऐकूनही न ढळणारा माणूस मॅकबेथच्या शेजारी उभा राहिला. तसंच बखरीतला डंकन तरुण आणि दुबळा आहे. शेक्सपिअरने तो वृद्ध, सज्जन आणि मॅकबेथचा पाहुणा केला, आणि पाहुण्याला झोपेत मारण्याचा भाग बखरीतल्याच दुसऱ्या राजाच्या, डफच्या, खुनावरून उचलला. सबबीची प्रत्येक फट अशी बुजवलेली आहे. लेखक मूळ कथेत काय बदलतो ते पाहिलं की त्याला काय हवं होतं ते कळतं.

पायरी २: कोणाला काय दिसतं

आता दुसरा तक्ता. प्रत्येक अमानवी प्रसंगापुढे तीन खुणा करा: मॅकबेथला दिसलं का, सोबतच्याला दिसलं का, प्रेक्षकाला दिसलं का.

पहिल्या भेटीत चेटकिणी मॅकबेथला, बँकोला आणि आपल्याला दिसतात. दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशातला खंजीर फक्त मॅकबेथला दिसतो, आपल्यालाही नाही, आणि तापलेल्या डोक्याने रचलेला हा भास असावा असं तो स्वतःच म्हणतो. डंकनला मारल्यावर ‘आता झोप नाही’ असा आवाज फक्त त्याला ऐकू येतो. मग तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशातली मेजवानी. बँकोचं भूत मॅकबेथच्या आसनावर बसतं, अशी फोलिओत स्पष्ट रंगसूचना आहे. लेडी मॅकबेथला, सरदारांना कोणालाच ते दिसत नाही. आपल्याला मात्र दिसतं.

इथे थांबा, कारण तक्ता इथे रंजक होतो. खंजिराच्या वेळी आपण मॅकबेथकडे बाहेरून बघत होतो. मेजवानीत आपण त्याच्या डोळ्यांच्या मागे उभे आहोत. १६११ साली ग्लोब नाट्यगृहात हा प्रयोग पाहिलेल्या सायमन फोरमनने लिहून ठेवलंय की मॅकबेथ बँकोच्या नावाने प्याला घ्यायला उभा राहिला तेव्हा भूत त्याच्या मागे येऊन खुर्चीत बसलं. आजचे काही दिग्दर्शक खुर्ची रिकामी ठेवतात. तसं केलं की प्रेक्षक सरदारांच्या बाजूला जातो आणि मॅकबेथ वेडा वाटतो. भूत दाखवलं की त्याचा खुनी असण्याचा एकटेपणा आपल्या वाट्याला येतो. या लेखाचा कौल भूत दाखवण्याच्या बाजूने आहे.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवावी. हे भूत आपल्याकडच्या अतृप्त आत्म्यासारखं काही मागत नाही, बोलतही नाही, सूड घे असं कोणाला सांगत नाही. ते फक्त जागा अडवतं. ज्या आसनासाठी सगळं केलं त्यावर बसायलाच मिळत नाही. हाव, टोचणी आणि अमानवी शक्ती, तिन्ही एका खुर्चीत आलेल्या आहेत. उत्तरासाठी एकच प्रसंग निवडायचा असेल तर हाच निवडा.

चौथ्या अंकात चेटकिणींकडे मॅकबेथ स्वतः चालत जातो. पहिल्यांदा त्या त्याच्या वाटेत आल्या होत्या. त्या अदृश्य झाल्यावर तो सरदार लेनॉक्सला विचारतो, तुला दिसल्या का? लेनॉक्स म्हणतो, नाही. या ‘नाही’चा एकच अर्थ लावायची घाई करू नका, पण खूण करून ठेवा.

पायरी ३: विचार आणि कृती यांतलं अंतर मोजा

ही पायरी फार कमी जण करतात, आणि सर्वांत जास्त तीच देऊन जाते. प्रत्येक खुनापूर्वी मॅकबेथ किती ओळी विचार करतो ते मोजा.

डंकनच्या वेळी पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात अठ्ठावीस ओळींचं स्वगत आहे. त्यात तो न मारण्याची कारणं देतो: विषाचा प्याला आपल्याच ओठांशी परत येतो, मी त्याचा आप्त आहे, प्रजा आहे, यजमान आहे, आणि तो सज्जन राजा आहे. मारण्याच्या बाजूला एकच कारण उरतं, उड्या मारणारी महत्त्वाकांक्षा, आणि तीही पलीकडे जाऊन आपटणारी. म्हणजे त्याला सगळं कळतं. शिवाय खंजिराचं तीसेक ओळींचं स्वगत वेगळंच. पुढचा खून डंकनच्या पहारेकऱ्यांचा: शून्य ओळी. तो आत जातो, बाहेर येतो आणि मी त्यांना मारलं म्हणून सांगतो. बायकोशी ठरलेल्या बेतात हे नव्हतं. ती त्याच प्रवेशात कोसळते. ती खरंच कोसळते की नाटक करते यावर वाद आहे, पण तिला न विचारता केलेली ही पहिली गोष्ट आहे हे नक्की. बँकोच्या वेळी मारेकरी आणले जातात, आणि मॅकबेथची सगळी हुशारी त्यांना पटवण्यात खर्च होते. स्वतःला पटवायची गरज संपलेली आहे. फाइफचा सरदार मॅकडफ याच्या बायकामुलांच्या वेळी तो सरळ नियमच घालून घेतो: मनात आलेलं पहिलं तेच हाताने पहिलं करायचं. या खुनातून त्याला काहीही मिळत नाही. मॅकडफ इंग्लंडला निसटलेला आहे.

हे चार आकडे शेजारी-शेजारी लिहिले की ‘अतिमहत्त्वाकांक्षा’ हा शब्द अपुरा वाटू लागतो. महत्त्वाकांक्षेला काहीतरी हवं असतं. शेवटच्या खुनात हवंसं काहीच नाही. तिसऱ्या अंकातली रक्ताच्या नदीची ओळ इथे जोडा: मी इतका आत आलोय की परतणं पार जाण्याइतकंच जिकिरीचं. हा थकलेला माणूस बोलतोय.

शब्दाचाही प्रश्न आहे. आज आपण ‘मुलगी महत्त्वाकांक्षी आहे’ हे कौतुकाने म्हणतो. १६०६ च्या श्रोत्याला मूळ इंग्रजी शब्दात पायरी सोडण्याचा दोष आधी ऐकू यायचा. म्हणून मराठी उत्तरात एकदा तरी ‘राज्यलोभ’ किंवा ‘हाव’ वापरा आणि का ते सांगा.

पायरी ४: टोचणीचा प्रवास

दोन प्रवेश समोरासमोर ठेवा: दुसऱ्या अंकाचा दुसरा आणि पाचव्याचा पहिला.

पहिल्यात रक्ताने माखलेले हात घेऊन मॅकबेथ म्हणतो की सगळ्या समुद्राने ते धुतले जाणार नाहीत, उलट समुद्रच लाल होईल. ती म्हणते, थोडं पाणी पुरे. दुसऱ्यात ती झोपेत हात चोळतेय, डाग जात नाही, अरबस्तानातली सगळी अत्तरं पुरत नाहीत. तोवर तो जवळपास कोरडा झालेला आहे. भीतीची चवच विसरलो, असं तो पाचव्या अंकात सांगतो. टोचणी एकाकडून दुसरीकडे गेली. ही अदलाबदल नाटकाचा कणा आहे.

ती कुठे झाली ते शोधायचं. उत्तर तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात आहे. प्रवेशाच्या सुरुवातीला, एकटी असताना, ती म्हणते की सगळं खर्चून हाती काही आलं नाही. नवरा येताच हे गिळून ती त्याला समजावते: झालं ते झालं. तो बँकोबद्दल सूचक बोलतो, आणि ती विचारते तेव्हा लाडाने म्हणतो की तुला ठाऊक नसलेलंच बरं. भागीदारी इथे तुटते. मेजवानीनंतर ती थेट पाचव्या अंकात दिसते, झोपेत. मधला अख्खा चौथा अंक ती नाही.

झोपेतल्या बोलण्यात तीन गोष्टी बघा. एक, ते गद्यात आहे. आजवर पद्यात बोलणाऱ्या बाईची लय मोडलेली आहे. दोन, ‘झालं ते झालं’ हे तिचंच वाक्य ‘झालेलं पुसता येत नाही’ असं होऊन परत येतं. तीन, ती विचारते की फाइफच्या सरदाराला बायको होती, ती आता कुठे आहे? हा मॅकडफच्या बायकोचा खून. त्यात तिचा हात नव्हता, तिला कोणी विचारलंही नव्हतं. तरी तो ती आपल्या अंगावर घेते. लेडी मॅकबेथला ‘चौथी चेटकीण’ म्हणणाऱ्यांनी ही ओळ वाचलेली नसते.

अपराधीपणा आणि पश्चात्ताप यांतही गल्लत होते. पश्चात्तापात मागे फिरणं असतं. नाटकात पश्चात्ताप करणारा एकच माणूस आहे: जुना कॉडॉर, ज्याची पदवी मॅकबेथला मिळाली. तो गुन्हा कबूल करून, क्षमा मागून मरतो, असं पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात सांगितलं जातं. डंकन म्हणतो की चेहऱ्यावरून मन ओळखायची विद्या नाही, आणि नेमका तेव्हाच मॅकबेथ आत येतो. त्याने पदवी घेतली, द्रोहही घेतला, पश्चात्ताप तेवढा घेतला नाही. डंकनला मारल्यावर ‘आमेन’ घशात अडकलं याचं त्याला दुःख होतं. पण तिथेही तो क्षमा मागत नाही, आशीर्वाद का मिळाला नाही एवढंच विचारतो.

पायरी ५: दुहेरी बोलणं

चौथ्या अंकातली भविष्यं तीन: मॅकडफपासून जप, बाईच्या पोटी जन्मलेला कोणी तुला इजा करणार नाही, बर्नमचं रान डन्सिनेनच्या टेकडीवर चाल करून येईतो तू हरणार नाहीस. मराठी वाचकाला हा प्रकार समजवायला लांब जावं लागत नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ आपल्याला ठाऊक आहे, आणि हिरण्यकशिपूच्या वरातली फटही. फरक मात्र लिहा. हिरण्यकशिपू अटी स्वतः घालून वर मागतो. मॅकबेथला अटी दिल्या जातात, त्या ऐकून तो बेसावध व्हावा म्हणून. माणसाचा मोठा शत्रू म्हणजे निर्धास्तपणा, असं चेटकिणींची देवी हेकेट हिच्या तोंडी आहेच. (हेकेटचा हा प्रवेश बहुधा मिडलटन या दुसऱ्या नाटककाराने नंतर घातला असं अनेक अभ्यासक मानतात. त्यावर सगळा युक्तिवाद उभा करू नका.)

दुहेरी बोलण्याला ताजा संदर्भही होता. नोव्हेंबर १६०५ मध्ये संसद उडवण्याचा कट उघडकीला आला, आणि १६०६ मध्ये हेन्री गार्नेट या धर्मगुरूवर खटला चालला. शपथेवर द्व्यर्थी बोलणं हा त्यातला गाजलेला मुद्दा. खुनानंतर दार उघडायला येणारा द्वारपाल अशाच एका दुटप्प्याचं नरकाच्या दारात स्वागत करतो. परीक्षेत एवढं एक वाक्य पुरे, इतिहासात वाहवत जाऊ नका.

पहिल्या दोन भविष्यांचा क्रम बघा. मॅकडफपासून जप हे सरळ, खरं आणि उपयोगाचं आहे. दुसरं ऐकल्यावर मॅकबेथ म्हणतो, मग मॅकडफ जगेना का. आणि लगेच: तरी खात्रीसाठी मारतोच. त्याचा भविष्यावर विश्वास आहे आणि नाहीही. सोयीचं तेवढं धरायचं, ही सवय पहिल्या भेटीपासूनची.

लिहिताना

हजार शब्दांच्या उत्तरात चार प्रसंग पुरे: पहिली भेट, सातव्या प्रवेशातलं स्वगत, मेजवानी, झोपेतलं चालणं. प्रत्येक प्रसंगात हाव, टोचणी आणि अमानवी शक्ती तिन्ही दाखवा, एकेकीला एकेक प्रसंग वाटून देऊ नका. कथानक सांगण्यात शंभराहून जास्त शब्द घालवू नका. ‘हमार्शिया’ लिहायचाच असेल तर त्याचा अर्थ चूक किंवा नेम हुकणं असा आहे, ‘दुर्गुण’ असा नाही, हे ध्यानात ठेवा. आणि माल्कमचं शेवटचं वाक्य, मेलेला खाटीक आणि त्याची राक्षसी राणी, स्वतःचा निष्कर्ष म्हणून वापरू नका. ते जिंकलेल्याचं भाषण आहे. त्याने हातांच्या डागाचा प्रवेश पाहिलेला नाही.

उत्तर झालं की एका ओळीवर तपासा. मॅकडफ सांगतो की तो आईचं पोट फाडून अकाली काढलेला आहे. मॅकबेथ आधी म्हणतो, मी तुझ्याशी लढणार नाही. पण मॅकडफ शरण ये म्हणताच, माल्कमच्या पायाशी माती चाटणार नाही असं सांगून पुन्हा ढाल उचलतो: रान आलं, तू बाईच्या पोटचा नाहीस, तरी शेवटचा प्रयत्न करतो. या क्षणी त्याच्यामागे एकही भविष्य उभं नाही, बायको मेलेली आहे, मिळवायला काही नाही. ही ढाल कोण उचलतं, पहिल्या अंकातला रणशूर की रक्ताच्या नदीतला थकलेला माणूस, याचं उत्तर तुमच्या लेखातून निघत नसेल तर पायरी तीनवर परत या आणि ओळी पुन्हा मोजा.